आधी माणूस वाचा, मग नाक वाढवा!

धानकापणी आटोपली की आपल्या झाडीपट्टीत नाटकांचे मंडप लागतात. अगदी शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पात्र ओळखू यावं म्हणून रंगभूषाकार भुवया जाड करतो, मिशीला पीळ देतो. अर्कचित्राचं तंत्रही हेच. चेहऱ्याचा अर्क काढायचा, तो ठळक करायचा आणि बाकीचं सोडून द्यायचं. वसंत सरवटे (१९२७-२०१६) यांनी काढलेली मराठी लेखकांची अर्कचित्रं पाहा, म्हणजे लक्षात येईल.

तर मग दोस्तांनो, या रविवारी वही घ्या, सानगडीच्या किल्ल्यावर सावली बघून बसा आणि इतिहासातला एक माणूस काढून पाहा. सुरुवात गाडगेबाबांपासून करू. आपल्या विदर्भातलेच, १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले.

आधी चार-पाच फोटो जमवा. एकाच फोटोवरून काढलं तर ती नुसती नक्कल होते. फोटो समोर ठेवून डोळे किलकिले करा. बारकावे पुसट होतात आणि मुख्य तेवढं उरतं: विस्कटलेले केस, दाढी, चिंध्यांचा अंगरखा, हातात खराटा.

आता आगपेटीएवढे दहा चौकोन आखा आणि प्रत्येकात एक झटपट रेखाटन करा. पेन्सिल हलकी चालवा, खोडरबर लांब ठेवा. एकात डोकं मोठं, एकात दाढी, एकात खराटा. एक गोष्ट वाढवली की दुसरी कमी करायला विसरू नका. सगळंच मोठं केलं तर काहीच मोठं दिसत नाही.

खरी परीक्षा इथे आहे. मोठं काय करायचं? फाटके कपडे वाढवले तर दिसेल फक्त गरिबी, आणि हसू येईल ते तिच्यावर. खराटा माणसाहून उंच केला तर दिसेल त्यांचं काम. रेषा तुमचीच, पण अर्थ बदलला ना?

हा प्रश्न मोठमोठ्यांनाही चुकलेला नाही. संविधान तयार व्हायला लागणाऱ्या वेळावर शंकर यांनी १९४९ मध्ये चित्र काढलं. गोगलगायीवर डॉ. आंबेडकर, मागे चाबूक घेतलेले नेहरू. तेच चित्र पाठ्यपुस्तकात असल्यावरून २०१२ मध्ये संसदेत गदारोळ झाला. चित्र तेच होतं, पण पाहणारा काळ बदलला होता. म्हणून ज्याला काढायचं त्याच्याबद्दल आधी वाचा. थट्टा करायची की सलाम, हे पेन्सिल उचलण्यापूर्वी ठरवा.

दहापैकी एक चौकोन निवडा, जाड ड्रॉइंग पेपरवर मोठा करा. चित्र आरशात धरून बघा, तिरकेपणा लगेच कळतो. मग काळी शाई: बाहेरची रेषा जाड, सुरकुत्या बारीक. शाई पूर्ण वाळल्यावरच पेन्सिल खोडा, नाहीतर सगळं फासतं. वॉटरकलर दोन-तीनच वापरा, चेहऱ्यावर कागदाचा पांढरा थोडा राहू द्या.

शेवटी चित्र घरी आजीला दाखवा. नाव सांगू नका. "अवं, हे त आपले गाडगेबाबा!" म्हणून ती हसली, तर जमलं. ओळखलं, पण कपाळाला आठी पडली, तर वाद घालू नका. शेजारी बसा आणि काय खटकलं ते विचारा. पुढचं चित्र तिथूनच सुरू होईल.