मिस्त्रीची सही

आमच्या परभणीकडे ट्रॅक्टर दुरुस्त करणारा तो मिस्त्री, आणि विमान दुरुस्त करणाराही मिस्त्रीच! बारावी झालेली मुलं विचारतात, ‘चाचा, विमानाचा मिस्त्री व्हायचं तर काय शिकावं लागतं?’ मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. तरी चौकशी करून जे समजलं ते सांगतो.

या धंद्यात मोल आहे ते सहीला. दुरुस्तीनंतर ‘विमान उडण्यास योग्य आहे’ अशी सही परवानाधारक अभियंता करतो, तेव्हाच ते आकाशात जातं. हा परवाना कॉलेज देत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए देतं. त्यासाठी भौतिक, रसायन, गणित घेऊन बारावी, मान्यताप्राप्त संस्थेतलं शिक्षण, डीजीसीएच्या परीक्षा आणि चालू विमानांवर कामाचा अनुभव लागतो. सांगाडा व इंजिन सांभाळणारा ‘बी-१’, रेडिओ व दिशादर्शनाची यंत्रणा सांभाळणारा ‘बी-२’. पुढे एअरबस, बोइंग अशा मोठ्या विमानांच्या प्रत्येक प्रकाराचं शिक्षण पुन्हा वेगळं.

एवढी कडक शिस्त कशासाठी? १९९० साली ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाची पुढची काच आकाशातच निखळली. मुख्य वैमानिक कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवलं, सहवैमानिकानं विमान उतरवलं आणि सारे वाचले. चौकशीत काय निघालं? आदल्या रात्रीपूर्वी काच बदलताना ९० पैकी ८४ बोल्ट जाडीला कमी बसवले होते. फरक एक मिलिमीटरहूनही कमी! पुस्तकातला क्रमांक न पाहता बोल्ट नजरेनं जुळवले होते. माझ्या गझलेत मात्रा चुकली तर फार तर मैफल नाराज होते. इथे प्रवाशांचे जीव ही अमानत असते.

आयटीआय केलेल्यांनाही वाट आहे. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा लढाऊ विमानांचा कारखाना १९६४ पासून आहे. तिथे फिटर, इलेक्ट्रिशियन अशा मुलामुलींना शिकाऊ उमेदवार म्हणून घेतात. मात्र तो अनुभव म्हणजे डीजीसीएचा परवाना नव्हे.

पालकांना एकच विनंती. मुलाच्या फीसाठी शेत गहाण टाकण्याआधी संस्थेचं नाव डीजीसीएच्या मान्यताप्राप्त यादीत स्वतः पाहा. विमानावर प्रत्यक्ष काम कुठे आणि किती मिळणार, हे लेखी विचारा. मगच पैसे भरा.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)