तापणारं इंजिन, करकरणारा रेडिओ : कऱ्हाडच्या धावपट्टीवरचा एक दिवस

सकाळी ६.००

एप्रिल लागला की कऱ्हाडला ऊन तापायच्या आत जेवढं उरकेल तेवढं आपलं. हँगरचं दार उघडलं, तेव्हा सदाशिवगडाच्या मागे नुकतं फटफटत होतं. वारुंजीजवळची ही धावपट्टी पन्नासच्या दशकात कोयना प्रकल्पाच्या कामासाठी बांधली गेली. आता इथून शिकाऊ वैमानिक उडतात आणि आम्ही इंजिनिअर त्यांची विमानं उडण्याजोगी ठेवतो.

आज समोर सेस्ना १५२ आहे. हे मॉडेल १९७७ ते १९८५ या काळात बनलं. म्हणजे त्यातलं सर्वांत नवं विमानही चाळिशीला आलं. कालच्या स्नॅग शीटवर, म्हणजे तक्रारींच्या कागदावर, दोनच ओळी होत्या : ‘चढताना ऑइल टेंपरेचर जास्त. रेडिओत आवाज.’

एवढ्यावर पाना हातात घेऊ नये. उड्डाण केलेल्या विद्यार्थिनीला बोलावून घेतलं.

“काटा नेमका कधी चढला?”

“सर, टेकऑफला हिरव्यातच होता. चढत राहिले तसा लाल रेघेपाशी गेला. लेव्हल केल्यावर हळूहळू उतरला.”

“वेग किती होता? आणि वेळ?”

“पासष्ट नॉट. साडेबारा झाले असतील.”

“आणि रेडिओ?”

“इथं जवळ असताना नीट होता. इस्लामपूरच्या पुढं बेसचं काही ऐकूच येईना. सांगलीवरून वळून परत येईपर्यंत तसंच. त्याआधी करकर फार होती म्हणून मी स्क्वेल्च वाढवला होता.”

निम्मं काम इथंच झालं. कधी, कुठं, किती वेगात, किती उन्हात हे कळलं की शोधायची जागा आपोआप कमी होते.

सकाळी ७.००

आधी रेडिओ घेतला, कारण त्यासाठी इंजिन चालवावं लागतं आणि या वेळी हवा गार असते. एव्हिऑनिक्सच्या ताई सांगलीहून पहिल्या एसटीनं आल्या होत्या. विमान वाऱ्याच्या तोंडाला उभं केलं, चाकांना ठोकळे लावले. त्यांनी हेडसेट चढवला.

कऱ्हाड ते सांगली सरळ रेषेत साधारण ६५ किलोमीटर. जमिनीपासून तीन हजार फुटांवर असलेल्या विमानाला व्हीएचएफ रेडिओवर याच्या दुपटीपेक्षा लांबचं ऐकू यायला हवं. म्हणजे अंतराला दोष देता येत नाही.

मी १७०० आरपीएमवर नेलं. ताई म्हणाल्या, “दादा, टिकटिक येतेय. आरपीएमबरोबर वाढतेय.”

आल्टरनेटरचा स्विच बंद केला. फरक नाही. आल्टरनेटरचा आवाज शिट्टीसारखा असतो आणि तो बंद केला की जातो. हा तसा नव्हता. मग ठिणगी पुरवणाऱ्या दोन मॅग्नेटोंची किल्ली डावीकडे नेली. तिथं उजवा मॅग्नेटो बंद होतो आणि इंजिन एकट्या डाव्यावर चालतं. टिकटिक थांबली. दोन्हींवर आणली, पुन्हा सुरू.

“उजवा,” ताई म्हणाल्या आणि वहीत लिहून घेतलं.

विमानांचा हा रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये चालतो आणि तो एएम पद्धतीचा असतो. ठिणगीचा गोंगाट त्यात सरळ आवाज बनून घुसतो. तो दाबायला स्क्वेल्च वाढवला की रेडिओ दुबळे सिग्नलही बंद करतो. धावपट्टीजवळ बेसचा आवाज दणदणीत असतो, तो पार होतो; सांगलीकडून ऐकताना क्षीण झालेला आवाज गोंगाटाबरोबरच कापला जातो. विद्यार्थिनीनं केलं ते कुणीही केलं असतं. बिघाड रेडिओच्या डब्याच्या बाहेर होता.

सकाळी ८.३०

इंजिन निवल्यावर आमचे मेकॅनिक मामा यांनी काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं आवरण, उतरवलं. तापमानाच्या तक्रारीत पहिला प्रश्न हाच, की इंजिन खरंच तापतंय की काटा खोटं सांगतोय? लॉकिंग वायर कापून प्रोब बाहेर काढला, वायर जोडलेलीच ठेवली. मामांनी शेगडीवर पातेलं ठेवलं, त्यात प्रोब आणि शेजारी प्रमाणित थर्मामीटर. कऱ्हाड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे, त्यामुळे इथं पाणी शंभराच्या दोनेक अंश आधीच उकळतं. थर्मामीटरवर ९८ आले, म्हणजे फॅरनहाइटमध्ये २०८. कॉकपिटमधला काटाही तिथंच होता. लाल रेघ २४५ ची. काटा खरा होता, इंजिन खरंच तापत होतं.

सकाळी ९.३०

या ११० अश्वशक्तीच्या इंजिनाला रेडिएटर नाही. पंख्यामागच्या दोन तोंडांतून हवा आत येते, चार सिलिंडरांच्या वर दाबाखाली साठते आणि पंखांसारख्या पातळ पत्र्यांमधून खाली उतरताना उष्णता घेऊन जाते. तिला वाकडी वाट सापडू नये म्हणून भोवती पत्र्याचे बॅफल आणि त्यांच्या कडेला रबराच्या पट्ट्या असतात. उसाच्या रानात बांध फुटला की पाणी शेवटच्या सरीला पोचत नाही. इथंही फट पडली की हवा सिलिंडर आणि ऑइल कूलर सोडून बाहेर पळते.

फट कुठं आहे ते काउलिंगच सांगतं. मी ते उलटं ठेवून बॅटरीच्या उजेडात आतली बाजू पाहिली. रबर जिथं टेकतं तिथं घासून काळी रेघ उमटते. ती रेघ सगळीकडून सलग होती. मागच्या डाव्या कोपऱ्यात मात्र वीतभर गायब. तिथली पट्टी कडक होऊन मागे दुमडली होती. पट्टी दाबाच्या हवेकडे, आतल्या अंगाला वळलेली हवी, म्हणजे हवाच तिला काउलिंगवर घट्ट दाबून धरते. मागे वळली तर तीच हवा तिला उघडते. शेजारी जुन्या वायरीचं मोकळं राहिलेलं भोकही सापडलं. कूलरच्या जाळीत धूळ आणि जळक्या पाचटाची राख अडकली होती. या पट्ट्यात ती उडतेच.

मामांनी नवी पट्टी कापली, मी भोक उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉननं बुजवलं, कूलर धुऊन वाळवला. इग्निशनचं टायमिंगही तपासलं, कारण ठिणगी लवकर पडली तरी इंजिन तापतं. ते बरोबर होतं.

दुपारी १.००

बाहेर ३८ अंश. अशा उन्हात इथली हवा विमानाला पाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ भासते. पंख्याला पकड कमी, चढण मंद, आणि थंड करायला येणारी हवा आधीच गरम. शिवाय विद्यार्थिनी पासष्ट नॉटवर चढत होती. या विमानाची नेहमीची चढण ७० ते ८० नॉटची. नाक जितकं वर, वेग जितका कमी, तितकी हवा कमी. प्रशिक्षकांना हे सांगितलं. पट्टी बदलणं आमचं काम, नाक थोडं खाली ठेवणं त्यांचं.

दुपारी २.३०

उजव्या मॅग्नेटोची पी-लीड उघडली. ही तार स्विचपर्यंत जाते. तिच्यावरचं धातूचं जाळीदार आवरण ठिणगीचा गोंगाट अडवतं. मॅग्नेटोच्या टोकाला ते उसवून दोन-चार तंतूंवर लोंबत होतं. नवं टोक बसवलं, ओममीटरनं तपासलं.

हे काम रेडिओपेक्षा मोठं आहे. आतली तार तुटली तर किल्ली बंद असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो आणि हातानं फिरवलेला पंखा अचानक सुरू होऊ शकतो. म्हणून मामांची शिकाऊ पोरांना पहिली ताकीद ठरलेली : “पंखा कायम चालूच हाय असं समजायचं, पोरांनो.” इंजिन सुरू करून संथ चालीवर किल्ली क्षणभर बंद केली. ते लगेच बसायला लागलं. दोन्ही मॅग्नेटो मरत होते. हेडसेट लावलेल्या ताईंनी अंगठा दाखवला.

संध्याकाळी ५.००

प्रशिक्षक विमान घेऊन कृष्णेच्या कडेनं सांगलीकडे गेले. स्क्वेल्च नेहमीच्या जागी होता. हरिपूरच्या संगमावरून त्यांचा आवाज आला, ताईंनी उत्तर दिलं आणि ते त्यांना स्पष्ट ऐकू गेलं. चढताना तेलाचा काटा हिरव्या पट्ट्यातच राहिला होता.

संध्याकाळी ६.३०

लॉगबुकात काम, सुटे भाग, चाचण्या लिहिल्या. इंजिनाची सही माझी, रेडिओच्या चाचणीची ताईंची. पण तापमानाबद्दल मी एक ओळ जास्त लिहिली : तक्रार भर दुपारची होती, चाचणी संध्याकाळी झाली. गार हवेत काटा खाली राहिला, एवढ्यानं तक्रार मिटली असं धरता येत नाही. ज्या उन्हात, ज्या वजनाला बिघाड दिसला, त्याच परिस्थितीत तो दिसेनासा व्हायला हवा. जुन्या विमानावर विश्वास ठेवायचा तो असा, एकेक खूण पडताळून. उद्या साडेबाराला, प्रशिक्षकांसोबत त्याच विद्यार्थिनीला घेऊन, ७५ नॉटवर चढण करायची आणि दर पाचशे फुटांना तापमान लिहून घ्यायचं, अशी सूचना फलकावर लावली.