आभासी विमान अडखळते तेव्हा

मायक्रोसॉफ्टने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये वाळवंटावरून निर्विघ्न गेलेले विमान न्यूयॉर्कसारख्या महानगरावर येताच अडखळू लागले, की सर्व दोष ग्राफिक्स कार्डाच्या माथी मारण्याचा प्रघात आहे. वस्तुतः तेथे बहुधा प्रोसेसरच बेजार झालेला असतो. सेकंदाला ३० चित्रे (फ्रेम) हवी असतील, तर प्रत्येक चित्र सुमारे ३३ मिलिसेकंदांत सिद्ध व्हावे लागते, आणि त्यात विमानाची गती, रहदारी व दृश्यातील वस्तू यांचा हिशेब प्रोसेसरकडे, तर प्रत्यक्ष रंगकाम कार्डाकडे असल्यामुळे, एकाच्या दिरंगाईने दुसऱ्यास तिष्ठत बसावे लागते.

दिरंगाई कोणाची, हे खेळाच्या डेव्हलपर मोडमधील फ्रेम-गणक स्पष्ट सांगतो. तेथे ‘मेन थ्रेड’चे, म्हणजे प्रोसेसरच्या मुख्य कामाचे, नाव दिसल्यास भूप्रदेशाच्या तपशिलाचा आकडा २०० वरून १०० वर आणावा, विमानतळावरील रहदारी कमी करावी, आणि कॉकपिटमधील पडद्यांच्या नूतनीकरणाचा वेगही उतरवावा; अशा वेळी रेझोल्यूशन घटवणे म्हणजे केवळ चित्र विनाकारण धूसर करून घेणे होय. नाव कार्डाचे असेल, तर मात्र ढगांस प्रथम हात घालावा, कारण ‘अल्ट्रा’ आणि ‘हाय’ यांतील ढगांचा फरक उड्डाणाच्या गडबडीत क्वचितच जाणवतो. रेंडर स्केलिंग, म्हणजे दृश्य रंगवण्याचे रेझोल्यूशन, माझ्या मते अगदी शेवटी कमी करावे: उपकरणांवरील अंक वाचता येईनासे झाले, तर उतरायचे कसे?

एवढ्यानेही चित्रांचा वेग खालीवर होत राहिल्यास, चित्रांचा पडद्याशी मेळ घालणाऱ्या व्ही-सिंकद्वारे तो ३० वर बांधून टाकण्याची तजवीज करावी, कारण डोळ्यांस कमी वेगापेक्षा अनियमित वेगच अधिक खुपतो.