महाविद्यालयीन इमारतींतील प्रवेश-नियंत्रण आणि विद्युत स्ट्राइकची निवड : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :

यवतमाळ, पुसद, वणी किंवा दारव्हा येथील महाविद्यालयांत परीक्षा विभाग, अभिलेख कक्ष व रसायनांचे भांडार यांचे संरक्षण दीर्घकाळ अल्ड्रॉप आणि कुलूप यांवर अवलंबून राहिले आहे. प्रश्नपत्रिका संगणकावरून उतरवून केंद्रावरच छापण्याची पद्धत रूढ होऊ लागल्यापासून त्या खोलीत कोण, केव्हा गेले याची नोंद आवश्यक ठरली आणि कार्ड किंवा बोटाचा ठसा वाचणारी यंत्रे दारांवर दिसू लागली. खरेदी समितीत चर्चा होते ती या यंत्राची. दार प्रत्यक्ष धरून ठेवणारा भाग कोणता असावा, हे मात्र बहुधा पुरवठादारावर सोपविले जाते. वीज गेल्यावर दाराने काय करावे, हे आधी ठरविले नाही तर एक तर खोली उघडी पडते किंवा माणूस आत अडकतो. प्रस्तुत लेखात या दृष्टीने विद्युत स्ट्राइकचे विवेचन केले आहे.

रचना आणि कार्य :

लॅच असलेल्या दाराची उतरती जीभ चौकटीतील पट्टीच्या खाचेत अडकते. विद्युत स्ट्राइकमध्ये या स्थिर पट्टीऐवजी हलता ओठ असलेली पेटी चौकटीत बसविली जाते. संकेत मिळाला की पेटीतील विद्युतचुंबक ओठ मोकळा करतो, दार ढकलले की जीभ बाहेर सरकते. कुलूप दारावरच राहते. वीज केवळ चौकटीपर्यंत न्यावी लागते. आतील मूठ पूर्णतः यांत्रिक असल्याने वीज असो वा नसो, आतला माणूस मूठ फिरवून बाहेर पडू शकतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हाच या साधनाचा सर्वांत मोठा गुण आहे.

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी लागलेल्या आगीत ५९ जणांचा मृत्यू झाला; बाल्कनीतून बाहेर जाणारे दार कडी लावून बंद होते. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार बाहेर पडण्याचे दार आतून किल्लीशिवाय उघडता आले पाहिजे, आणि महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने अशा उपाययोजनांची जबाबदारी मालकावर अथवा भोगवटादारावर ठेवली आहे. महाविद्यालयाच्या बाबतीत भोगवटादार म्हणजे संस्था, पुरवठादार नव्हे.

निवडीचे निकष :

स्ट्राइकचे दोन प्रकार आहेत. फेल-सिक्युअर प्रकार वीज गेल्यावर बंद राहतो, फेल-सेफ प्रकार वीज गेल्यावर मोकळा होतो. यातील ‘सेफ’ हा शब्द माणसाच्या सुरक्षिततेला उद्देशून आहे, मालमत्तेच्या नव्हे. नावावर विसंबून परीक्षा विभागाला फेल-सेफ स्ट्राइक बसविला तर खंडित वीजपुरवठ्याच्या प्रत्येक वेळी ती खोली उघडी राहील. या खोलीला फेल-सिक्युअर स्ट्राइक व आतून सदैव फिरणारी मूठ हीच जोडी योग्य होय. बाहेरील मूठ मात्र स्थिर, केवळ किल्लीने उघडणारी असावी. ती फिरत असेल तर स्ट्राइक निव्वळ शोभेचा ठरतो.

बाजारात विद्युतचुंबकीय कुलूप अधिक खपते, कारण ते बसविणे सोपे आहे. परंतु दार धरून ठेवण्यासाठी त्याला अखंड वीज लागते. सुमारे ०.५ अँपिअर घेणारे १२ व्होल्टचे कुलूप दिवसाला १२ अँपिअर-तास खर्च करते. ७ अँपिअर-तासांची नेहमीची बॅटरी कागदावरही १४ तासांत संपते. तेवढीच धारा घेणारा फेल-सिक्युअर स्ट्राइक दिवसातून २०० वेळा, प्रत्येकी ५ सेकंद उघडला तरी खर्च ०.१४ अँपिअर-तास होतो. तालुक्याच्या गावी हा फरक निर्णायक आहे.

बसवणी :

यवतमाळच्या जुन्या इमारतींत सागवानी चौकटी आढळतात. त्यांत पटाशीने खाच घेणे कुशल सुताराला कठीण नाही. दार आत उघडणारे असल्यास चौकटीचा आतील काठही कापावा लागतो, म्हणून उरणाऱ्या लाकडाची जाडी आधी मोजावी. सिमेंटच्या चौकटीत खाच घेऊ नये. तेथे पृष्ठभागावर बसणारे कुलूप व त्याला अनुरूप स्ट्राइक निवडावा. दोन झडपांच्या दारात स्ट्राइक स्थिर झडपेत बसवून तार बिजागरीजवळून न्यावी लागते. शक्य असेल तेथे असे दार बदलून एका झडपेचे करणे बरे.

खरी अडचण पावसाळ्यात येते. सागवान इतर लाकडांपेक्षा कमी फुगते, तरी फुगते. फुगलेले दार लॅचची जीभ स्ट्राइकच्या ओठावर दाबून धरते आणि चुंबकाचे बळ अपुरे पडते. यंत्र ‘टक्’ आवाज करते, दार उघडत नाही, आणि दोष यंत्राला दिला जातो. उपाय सुताराकडे आहे : बिजागऱ्या घट्ट करून दाराला रंधा मारावा आणि लॅच बसल्यानंतर दोन-तीन मिलिमीटर मोकळीक ठेवावी. उन्हाळ्यात दार आकसते तेव्हा जीभ ओठात पुरेशी शिरते की नाही, हेही पाहावे.

तारेकडे बहुधा दुर्लक्ष होते. नियंत्रक ३० मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन ६० मीटर तांबे लागते. संगणक जाळ्याच्या ०.२ चौरस मिलिमीटर तारेचा रोध तेवढ्या लांबीत ५ ओमच्या आसपास भरतो, ०.५ अँपिअरला अडीच व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि १२ व्होल्टच्या स्ट्राइकला साडेनऊच मिळतात. दीड चौरस मिलिमीटर तारेत ही घट अर्ध्या व्होल्टहूनही कमी राहते. एकदिश धारेवरील स्ट्राइकच्या टोकांना उलटा डायोड जोडावा, अन्यथा धारा तुटताना उसळणारा दाब रिलेचे संपर्क जाळतो. आणि रिले खोलीच्या आतच असावा. स्वस्त यंत्रांत तो बाहेरच्या डबीतच असतो. डबी उचकटून दोन तारा जोडणाऱ्याला ना कार्ड लागते, ना ठसा.

जुना अल्ड्रॉप काढून टाकण्याचे काम निविदेत क्वचितच लिहिलेले असते. तो बाहेर तसाच राहिला आणि सायंकाळी शिपायाने सवयीने लावला तर आतील मूठ फिरूनही दार उघडणार नाही. तो काढून घ्यावा, छिद्रे बुजवावीत, आणि देयक मंजूर करण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून व बॅटरीची जोडणी सोडवून कोणाला तरी आतून दार उघडून पाहण्यास सांगावे. ही चाचणी जुलैच्या झडीत पुन्हा एकदा घ्यावी.