नववा सामना कोणाच्या वाट्याला?

शनिवारचा फुटबॉल : लेखांक ६

३० नोव्हेंबर २०२५, रविवार. सकाळचे साडेदहा वाजले होते. पोहे नुकतेच ताटलीत पडले होते, तोच अटलांटाहून पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे शनिवारची मध्यरात्र. त्याच्या हातात विजेच्या बिलाचं पाकीट होतं आणि पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीनं मांडलेला तक्ता : पाच संघ, प्रत्येकाचे आठ सामने, गोल आणि फुल्या, कडेला खोडलेले भागाकार.

"काका, ड्यूक गेलं फायनलला."

"कोण? ड्यूक?"

"हो. बारात पाच हरलेलं ड्यूक."

झालं होतं असं. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये कॉलेजांच्या समूहाला कॉन्फरन्स म्हणतात. त्यांतली एक अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, म्हणजे एसीसी, यात सध्या १७ संघ आहेत. ७-१ करून व्हर्जिनियानं अंतिम सामन्यातली पहिली जागा पक्की केली होती. दुसरी जागा एसएमयूच्या हातात होती, पण त्या रात्री ते कॅलिफोर्नियात ३५-३८ असे हरले आणि ड्यूक, मायामी, जॉर्जिया टेक, पिट्सबर्ग आणि एसएमयू हे पाचही संघ ६-२ वर येऊन उभे राहिले. पाच जण, खुर्ची एक. आपसातल्या निकालांवरून ठरवावं, तर पाचही जण एकमेकांशी खेळलेलेच नव्हते. बाकीच्या चौघांपैकी ड्यूकची गाठ फक्त जॉर्जिया टेकशी पडली होती, आणि तो सामनाही ड्यूक आपल्या घरच्या मैदानावर १८-२७ असा हरलं होतं. मग नियमावलीत खाली खाली उतरत शेवटी हे बघितलं गेलं, की तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांनी कॉन्फरन्समध्ये एकूण किती जिंकलं. त्या हिशेबात ड्यूकचं पारडं जड भरलं.

थोडक्यात, ड्यूकला जागा मिळाली ती दुसऱ्यांच्या गुणपत्रिकेवर. आणि ते 'दुसरे' कोण असणार, हे ठरलं होतं वेळापत्रक तयार झालं तेव्हा. आजच्या संघातल्या बऱ्याच खेळाडूंनी तोवर ड्यूकचा उंबरठाही ओलांडला नसेल.

मागच्या आठवड्यात आपण पाहिलं, की टीव्हीच्या पैशापायी कॉन्फरन्स कशा फुगत गेल्या. आजचा विषय त्याच फुगवट्यातून निघालेलं भांडण. गणित साधं आहे. नियमित हंगामात एका संघाला १२ सामने मिळतात. यात वाढ करता येत नाही, हा खेळ अंगाची चाळण करतो. त्यांतले आठ-नऊ कॉन्फरन्समध्ये खेळायचे आणि बाकीचे बाहेर. दहा संघ असतील तर नऊ सामन्यांत सगळ्यांशी सगळे खेळून होतात. सोळा किंवा अठरा असतील तर निम्म्या भावकीचं तोंडही वर्षभरात दिसत नाही, तरी शेवटी सगळ्यांना एकाच यादीत वरखाली बसवायचं.

आपल्याला हे परकं नाही. २०२३-२५ च्या कसोटी अजिंक्यपद चक्रात दक्षिण आफ्रिका साखळीत ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड या दोघांशी एकही कसोटी न खेळता लॉर्ड्सच्या अंतिम सामन्यात पोचली, तेव्हा आपल्याकडच्या कट्ट्यांवर काय काय बोललं गेलं ते आठवा. (त्यांनी तिथे ऑस्ट्रेलियालाच हरवलं, आणि कट्टे गप्प झाले.)

आता एसईसीकडे वळू, कारण या भांडणाचा सगळ्यात जुना आणि रंगतदार आखाडा तो आहे. साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये १९९२ साली १२ संघ झाले, पूर्व आणि पश्चिम असे दोन गट पडले, आणि आठ सामन्यांची पद्धत सुरू झाली. २०१२ मध्ये टेक्सस ए अँड एम आणि मिझुरी आले, संघ १४ झाले. मिझुरीला टाकलं पूर्व गटात, जे नकाशावर पाहिलं तर अलाबामा-ऑबर्नच्याही पश्चिमेला आहे. गट पाडणाऱ्यांनी भूगोल ऑप्शनला टाकला असावा. सामने मात्र आठच राहिले. त्यांची वाटणी अशी : आपल्या गटातले सहा, पलीकडच्या गटातला एक कायमचा ठरलेला, आणि एक दरवर्षी बदलणारा.

या बदलणाऱ्या एका जागेवर पलीकडचे सहा संघ रांगेत उभे. म्हणजे एखाद्याची पाळी सहा वर्षांनी एकदा, आणि तो तुमच्या गावी यायचा तर बारा वर्षांनी एकदा. ए अँड एम कॉन्फरन्समध्ये आल्यापासून २०२३ पर्यंतच्या बारा हंगामांत जॉर्जिया आणि ए अँड एम नियमित हंगामात खेळले फक्त एकदा, २०१९ साली, जॉर्जियाच्या अथेन्समध्ये. ए अँड एमच्या गावी, कॉलेज स्टेशनला, जॉर्जियाचा संघ गेलाच नाही. चार वर्षं शिकून पदवी घेऊन गेलेल्या मुलांच्या तीन तुकड्या धरा. एकाच कॉन्फरन्समधला, देशातल्या सर्वांत ताकदवान संघांपैकी एक, आपल्या मैदानावर त्यांनी पाहिलाच नाही.

त्याहून मोठी ठसठस होती 'कायमच्या' जोडीदाराची. अलाबामाच्या पदरात टेनेसी, एलएसयूच्या पदरात फ्लोरिडा. २००७ ते २०२१ अशी सलग पंधरा वर्षं अलाबामानं टेनेसीला हरवलं. एलएसयूला त्याच काळात दरवर्षी फ्लोरिडाशी झुंजायचं होतं, ज्यांनी २००६ आणि २००८ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं होतं. गट एकच, अलाबामा आणि एलएसयू एकाच खुर्चीसाठी भांडणारे, आणि एकाच्या ताटात दरवर्षी वरणभात, दुसऱ्याच्या ताटात मिरचीचा ठेचा. एलएसयूनं ही तक्रार दबक्या आवाजात केली नाही, उघडपणे केली.

तक्रार खरी होती, पण तिच्यात कोणाचा डाव नव्हता. या जोड्या लागल्या तेव्हा टेनेसी दुबळं नव्हतं. १९९८ चं राष्ट्रीय विजेतेपद त्यांचंच. वेळापत्रक करणाऱ्यानं दोन तुल्यबळ पैलवान समोरासमोर उभे केले होते, पुढे एकाचं अंग उतरलं. आणि ती लढत तोडायची म्हटलं तर टेनेसीच्याच लोकांनी आकाशपाताळ एक केलं असतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये टेनेसीच्या नॉक्सव्हिलला अलाबामाविरुद्ध शेवटच्या क्षणी चेंडू डुगडुगत खांबांमधून गेला, टेनेसी ५२-४९ जिंकलं, लोक मैदानात घुसले, त्यांनी गोलचे खांब उपटले आणि मिरवत नेऊन टेनेसी नदीत टाकले. पंधरा वर्षांची हार ज्यानं दरवर्षी मुकाट्यानं गिळली, त्यालाच ते खांब उपटावेसे वाटणार.

म्हणून सगळ्या जोड्या मोडून सरसकट चक्र फिरवा, हे कागदावर छान दिसतं. पण ज्या चुरशीसाठी लोक तिकीट काढतात, तीच त्यात जाते. मला विचाराल तर असमानता असणारच. बघायचं ते एवढंच, की ती पाळीपाळीनं सगळ्यांच्या दारात जाते, की एकाच दारात ठाण मांडून बसते.

२०२४ ला टेक्सस आणि ओक्लाहोमा आले, संघ १६ झाले, गट बरखास्त झाले आणि मूळ प्रश्न उघडा पडला : आठ की नऊ? बिग टेन ही दुसरी बडी कॉन्फरन्स २०१६ पासून नऊ खेळत होती. एसईसी आठावर अडून बसली होती. त्यामागचं कारण कोणी व्यासपीठावरून सांगत नाही, पण पाकिटाच्या पाठीवर मावतं. १६ संघ, आठ सामने म्हणजे एकूण ६४ लढती. नऊ केले तर ७२. आठ लढती जास्त, म्हणजे आठ पराभव जास्त, आणि ते सगळे घरातल्या घरात. तोच सामना बाहेरच्या एखाद्या छोट्या कॉलेजशी खेळला तर पराभव त्यांच्या माथी. १६ नोव्हेंबर २०२४ ला अलाबामानं मर्सरला ५२-७ असं हरवलं, तो या जातीचा सामना. तिकडे याला 'कपकेक' म्हणतात. छोटं कॉलेज त्यासाठी घसघशीत रक्कम घेतं आणि मार खाऊन घरी जातं. क्वचित कपकेकमध्ये खडा निघतो : २००७ मध्ये मिशिगननं चार लाख डॉलर मोजून अ‍ॅपलाचियन स्टेटला बोलावलं आणि स्वतःच ३२-३४ असं हरून बसलं.

एक पराभव म्हणजे किरकोळ गोष्ट नाही. वरच्यांसाठी तो राष्ट्रीय स्पर्धेचं दार बंद करू शकतो. खालच्यांना हंगामानंतरचा बोल सामना मिळायला सहा विजय लागतात, आणि पाचावर अडकलेल्या प्रशिक्षकाला डिसेंबरात सामान बांधावं लागू शकतं. नऊ सामन्यांत आणखी एक गोम आहे : निम्म्या संघांना पाच घरचे आणि चार बाहेरचे, उरलेल्यांना उलटं. आठात ही भानगड नव्हती.

मग एसईसी वाकली का? २०२४ मध्ये राष्ट्रीय स्पर्धा पहिल्यांदा १२ संघांची झाली. बिग टेनमधून ११-१ चं इंडियाना आत गेलं, एसीसीमधून ११-२ चं एसएमयू गेलं आणि ९-३ वालं अलाबामा बाहेर राहिलं. दक्षिणेत गहजब झाला, की इंडियानाच्या वाट्याला ओरेगनही नव्हतं आणि पेन स्टेटही नव्हतं, त्यांनी जिंकलं म्हणजे काय मोठंसं केलं. मुद्दा खोटा नाही. पण अलाबामाच्या तीन पराभवांतले दोन व्हँडरबिल्ट आणि ओक्लाहोमाकडून होते, आणि दोघांचाही नियमित हंगाम ६-६ वर संपला. अवघड पेपर आला म्हणून तक्रार करणाऱ्यानं सोपे प्रश्न तरी चुकवायला नकोत.

पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये निवड समितीनं प्रतिस्पर्ध्यांच्या ताकदीला जास्त वजन देणार असं जाहीर केलं, आणि त्याच आठवड्यात एसईसीनं २०२६ पासून नऊ सामने जाहीर केले. तीन प्रतिस्पर्धी दरवर्षीचे, सहा फिरते. प्रत्येकाशी दोन वर्षांत किमान एकदा गाठ, चार वर्षांत घरी आणि बाहेर दोन्हीकडे. बारा वर्षांचं चक्र चारावर आलं. अलाबामा-टेनेसी राहिलं, एलएसयूची फ्लोरिडाच्या वार्षिक कटकटीतून सुटका झाली. या तीन-तीन नावांचाही काही वर्षांनी फेरविचार व्हायचा आहे. मला ही मांडणी आजवरच्या मांडण्यांत सगळ्यात प्रामाणिक वाटते. बिग टेननं तर कायमच्या जोड्यांची संख्याही सारखी ठेवलेली नाही : आयोवाला तीन, पेन स्टेटला एकही नाही. पेन स्टेटला कोणी सख्खा वैरी नाही म्हणे. याला समान वाटणी म्हणायचं की गरजेप्रमाणे, यावर एक वेगळा लेख होईल.

आणि नुसतं कोणाशी, हेच वेळापत्रक नव्हे. कधी, हेही असतं. २०१० मध्ये अलाबामाचे सहा कॉन्फरन्स प्रतिस्पर्धी आठवडाभर विश्रांती घेऊन त्यांच्यासमोर उतरले होते. सहा! ताजेतवाने पाय आणि चौदा दिवसांचा अभ्यास. नावांच्या यादीत हे कुठे दिसत नाही.

सगळ्यांशी सगळे खेळले तर तरी प्रश्न सुटतो का? बिग ट्वेल्व्ह या कॉन्फरन्सनं दहा संघांत नेमकं तेच करून पाहिलं. २०१४ मध्ये बेलर आणि टीसीयू बरोबरीत आले. बेलरनं टीसीयूला ६१-५८ असं हरवलेलं, तरी कॉन्फरन्सनं दोघांना संयुक्त विजेते ठरवलं, आणि चार संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत दोघांपैकी एकालाही जागा मिळाली नाही. वेळापत्रक निर्दोष, निकाल शून्य.

पुन्हा पुतण्याच्या पाकिटाकडे येतो. ६ डिसेंबरला शार्लटमध्ये ड्यूकनं व्हर्जिनियाला जादा वेळेत २७-२० असं हरवलं आणि एसीसीचं विजेतेपद घेतलं. राष्ट्रीय स्पर्धेत मात्र ड्यूक नाही. एसीसीच्या अंतिम सामन्याच्या बाहेर राहिलेलं १०-२ वालं मायामी होतं, आणि सप्टेंबरात ड्यूकला हरवणारं टुलेनही होतं. त्या पाकिटावर एका कोपऱ्यात पुतण्यानं एक ओळ चौकटीत टाकली होती : 'व्हर्जिनिया - एनसी स्टेट, ३१-३५, ६ सप्टें.' दोघेही एसीसीचेच सदस्य. तो सामना मात्र कॉन्फरन्सबाहेरचा म्हणून नोंदलेला, त्यामुळे व्हर्जिनियाच्या ७-१ मध्ये धरलेला नाही. धरला असता तरी टक्केवारीत व्हर्जिनिया पुढेच राहिलं असतं, पण लहानपणी अंगणात आपण धाकट्या भावंडाला खेळायला घ्यायचो आणि त्याचं आउट होणं मोजायचो नाही, तसला हा लिंबूटिंबू सामना. ऐंशी-नव्वद किलोंची, त्याहूनही दांडगी पोरं साठ मिनिटं एकमेकांवर आदळली, आणि खाती कोरी.

आता एसीसीनंही २०२६ पासून नऊ सामन्यांकडे जायचं ठरवलं आहे. सतरा संघांनी प्रत्येकी नऊ खेळायचे म्हणजे १५३. एका लढतीत दोन संघ, म्हणून भागिले दोन. पुतण्यानं पाकीट कॅमेऱ्यासमोर धरलं. साडेशहात्तर. निदान एका संघाला दरवर्षी आठच मिळणार.

"तो कोण, ते कसं ठरवायचं, काका?"

पोहे गार झाले होते.