भाकरी सोडण्याआधी

पावसाळा लागला की पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात हिरव्या मिरचीचा ठसका नाकात बसतो. भोकरदन तालुक्यातल्या आसपासच्या गावांची मिरची इथे येते, पोत्यांत भरली जाते आणि ट्रकने परराज्यांत निघते. झाडावरून ती तोडतात मुख्यतः बाया. उजाडायच्या आत चूल पेटवायची, घोटभर चहा घ्यायचा, फडक्यात भाकरी-ठेचा बांधायचा आणि उन्हं चढण्याआधी सरीला लागायचं. समजा, यांच्यातल्याच एकीचा रक्ताचा रिपोर्ट आला. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला काम करायला सांगणारं संप्रेरक, वाढलेलं, अँटी-टीपीओही वाढलेलं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. घरी आल्यावर लेकीने मोबाइलवर वाचलं आणि सांगितलं, ‘‘आई, भाकरी बंद कर. कार्ब बंद केले की थायरॉइड बरा होतो म्हणे.’’

त्या ‘म्हणे’मध्ये थोडं खरं आहे आणि बरंचसं अर्धवट आहे. भाकरी हेच जिचं मुख्य अन्न, तिला ती सोडायला सांगण्याआधी नेमकं काय ठाऊक आहे, ते नीट पाहायला हवं.

गोष्ट सुरू होते जपानमध्ये. १९१२ साली क्यूशू इथल्या हाकारू हाशिमोतो या तरुण शल्यचिकित्सकाने चार बायकांच्या गळ्यातून काढलेल्या सुजलेल्या थायरॉइड ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. ग्रंथीच्या पेशींमध्ये पांढऱ्या पेशींनी दाटीवाटीने ठाण मांडलं होतं. हा नेहमीचा गलगंड नाही, हे त्याने ओळखलं आणि एका जर्मन नियतकालिकात निबंध लिहिला. पुढे तो इगा या आपल्या गावी परतला, घरचा दवाखाना चालवत राहिला आणि १९३४ साली विषमज्वराने गेला. त्याच्या निबंधाचं मोल जगाला कळलं ते नंतर. १९५६ साली लंडनमध्ये रॉइट, डोनियाक, कॅम्पबेल आणि हडसन यांना अशा रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉइडविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी सापडल्या. रोगजंतूंशी लढणारी फौज घरच्याच ग्रंथीवर उलटते आणि ग्रंथी हळूहळू झिजत जाते. हाच हाशिमोतोचा आजार.

आपल्याकडे तो दुर्मीळ मुळीच नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या आठ ठिकाणच्या पाहणीत (मुंबई आणि गोवा त्यांत होते) जवळपास ११ टक्के प्रौढांमध्ये थायरॉइडचं काम मंदावलेलं आढळलं. अँटी-टीपीओ या थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडी मात्र सुमारे २२ टक्के लोकांच्या रक्तात होत्या. म्हणजे अँटिबॉडी असलेल्यांची संख्या आजाऱ्यांच्या दुप्पट. हे दोन आकडे लक्षात ठेवावेत, कारण आहाराने थायरॉइड ‘बरा’ केल्याचे दावे बहुतेकदा अँटिबॉडीच्या आकड्यावर उभे असतात.

त्यातला सर्वांत जास्त सांगितला जाणारा अभ्यास इटलीतला, २०१६ सालचा. वजन वाढलेल्या १८० हाशिमोतो रुग्णांपैकी काहींना तीन आठवडे कमी कर्बोदकांचा आहार दिला; एकूण ऊर्जेतला फक्त १२ ते १५ टक्के वाटा कर्बोदकांचा. बाकीच्यांना नेहमीचा कमी कॅलरींचा आहार. पहिल्या गटात अँटी-टीपीओ सुमारे ४४ टक्क्यांनी उतरल्या, दुसऱ्या गटात उलट वाढल्या. आकडा मोठा आहे आणि तो नाकारायचं कारण नाही. पण पहिल्या गटाच्या ताटातून भात-पावासोबत अंडी, डाळी आणि दुधाचे पदार्थही काढले होते. मग फरक कशामुळे पडला? कर्बोदकं गेल्यामुळे, दूध गेल्यामुळे, की वजन उतरल्यामुळे? तीन आठवड्यांच्या अभ्यासातून ते वेगळं काढता येत नाही. झिजलेली ग्रंथी पुन्हा कामाला लागली, असंही त्यातून सिद्ध होत नाही. अशा अभ्यासाच्या भरवशावर कुणी गोळी बंद केली, तर ते मला फार धोक्याचं वाटतं.

आता दुसरी बाजू, जी क्वचितच सांगितली जाते. थायरॉइड ग्रंथी मुख्यतः टी-४ हे संप्रेरक बनवते. त्यात आयोडिनचे चार अणू असतात. शरीर खऱ्या अर्थाने वापरतं ते टी-३. त्यासाठी यकृतासारख्या अवयवांत टी-४ मधला एक अणू काढला जातो. रोजच्या गोळीत असतं लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे टी-४च. तेव्हा ग्रंथी मंद असो वा नसो, हे रूपांतर प्रत्येकाला करावंच लागतं आणि अन्न तुटलं की ते मंदावतं. दुष्काळात घरधनी खर्चाला हात आखडता घेतो, तसं शरीर टी-३ कमी करून ऊर्जा वाचवतं.

१९७६ साली अमेरिकेत स्पॉल्डिंग आणि सहकाऱ्यांनी हे मोजलं. लठ्ठ व्यक्तींनी पूर्ण उपवास केला तेव्हा टी-३ ५३ टक्क्यांनी घसरलं. रोज ८०० कॅलरी, पण कर्बोदकं शून्य, असा आहार दोन आठवडे दिला तेव्हाही ते ४७ टक्क्यांनी घसरलं. आणि तेवढ्याच कॅलरींमध्ये निदान ५० ग्रॅम कर्बोदकं ठेवली, तेव्हा टी-३ मध्ये म्हणण्यासारखा फरकच पडला नाही.

५० ग्रॅम म्हणजे किती? ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदकं असतात. एका भाकरीला ७० ग्रॅम पीठ धरलं तर हिशेब पन्नाशीच्या जवळ येतो. म्हणजे एक भाकरी! अभ्यास छोटा होता, तो लठ्ठ लोकांवर होता आणि हाशिमोतोच्या रुग्णांवर नव्हता, हे खरं. तरी शरीराला ‘दुष्काळ नाही’ हे पटायला लागलेलं धान्य आपल्या तव्यावरच्या एका भाकरीएवढं निघावं, याचं मला अप्रूप वाटतं.

टी-३ उतरलं म्हणजे लगेच आजार वाढला असं नव्हे. टीएसएच बहुधा जागेवर राहतं. पण थंडी वाजणं, बद्धकोष्ठ, केस गळणं, अंगात त्राण नसणं या तक्रारी कडक आहारातही होतात आणि थायरॉइड मंदावल्यावरही. मग कशामुळे काय होतंय ते बाईला कळत नाही आणि डॉक्टरलाही पटकन उमगत नाही. शिवाय कर्बोदकं एकदम तोडली की पहिल्या काही दिवसांत शरीरातलं पाणी आणि मीठ भराभर बाहेर पडतं. पंख्याखाली बसणाऱ्याचं नुसतं डोकं दुखेल. उन्हात वाकून मिरची तोडणारीला घेरी येईल. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, पोटात बाळ असेल, तर असा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये.

महाराष्ट्राला आहाराचे वाद नवे नाहीत. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवरून लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले तेव्हाचे प्राध्यापक डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांत जेवायची पद्धत मराठी घराघरांत नेली. २०१८ साली राज्य सरकारने त्यांना लठ्ठपणाविरोधी मोहिमेचा चेहरा केलं. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचं सांगणं याच्या उलट, थोड्या थोड्या वेळाने खाण्याचं. ‘दीक्षित की दिवेकर’ यावर लग्नाच्या पंगतीतही चर्चा झडल्या. पण भाकरी दोघांनीही वर्ज्य केलेली नाही. आणि दीक्षितांचा भर आहे तो इन्शुलिनवर, थायरॉइडवर नव्हे.

मग कमी काय करायचं? चहाच्या कपात दोन भरलेले चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर. दिवसाला पाच कप झाले की ५० ग्रॅम. पुन्हा तीच एक भाकरी, पण तिच्यातला तंतू नाही, प्रथिनं नाहीत, लोह नाही. कर्बोदकं कमी करायचीच असतील तर कात्री आधी इथे लावावी, मग बिस्किटांना, मग साबुदाण्याला. तीन भाकऱ्यांच्या जागी दीड आणि सोबत अंडं, पिठलं, मूठभर शेंगदाणे, वाटीभर पालेभाजी, ताक. हा बदल मजुरीच्या पैशांत बसतो आणि अंगात बळही ठेवतो. ठेच्याला तर कुठल्याच आहाराची आडकाठी नाही. फक्त अपेक्षा माफक हवी: थायरॉइड मंदावल्यामुळे वाढणारं वजन साधारण दोन ते साडेचार किलोच, त्यातही पाणी आणि मीठच जास्त. बाकीच्या किलोंचा दोष थायरॉइडवर टाकता येत नाही.

बाजरीचं वेगळं बोलायला हवं. ‘थायरॉइडला बाजरी चालत नाही’ हे गावोगाव ऐकू येतं आणि त्यामागे खरा धागा आहे. सुदानमधल्या दार्फुर भागात बाजरी हेच मुख्य अन्न आणि गलगंडही फार. १९८९ साली गाइतान आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बाजरीतली काही फ्लॅव्होन रसायनं ग्रंथीच्या कामात अडथळा आणतात. तो अडथळा जास्त बाधतो तो आयोडिनचा तुटवडा असेल तिथे. घरात आयोडिनयुक्त मीठ असेल आणि ताटात ज्वारी, गहू आलटून पालटून येत असतील, तर थंडीतल्या बाजरीच्या भाकरीला घाबरायला नको, असं माझं मत आहे.

गावाच्या नावातच रेणुकाई आहे, तेव्हा नवरात्राबद्दलही सांगायला हवं. नऊ दिवसांच्या उपवासात दोन टोकं दिसतात. कुणी साबुदाणा, भगर आणि बटाट्यावर राहतं. तिथे नेहमीपेक्षा जास्त कर्बोदकं पोटात जातात. कुणी कडक उपवास करतं. तिथे टी-३ दोन-तीन दिवसांतच उतरू लागतं. दोन्हीकडे उपवास मोडेल म्हणून गोळी टाळू नये. ती पाण्यासोबतच घ्यायची असते. लेव्होथायरॉक्सिन शरीरातून निम्मं व्हायला सुमारे सात दिवस लागतात, म्हणून एखादा दिवस चुकला तर जाणवत नाही. नऊ दिवस चुकले तर निम्म्याहून जास्त साठा संपलेला असतो.

उरला पहाटेचा चहा. गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि अर्धा ते एक तास काही खाऊ-पिऊ नये, असं सांगतात. चहा, सोयाबीनचे पदार्थ, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या औषध नीट शोषू देत नाहीत. पण तोडणीला निघणाऱ्या बाईकडे तो तास नसतो. ती गोळी आणि चहा एकाच घोटात उरकते आणि तीन महिन्यांनी ‘गोळी लागू पडत नाही’ म्हणून डोस वाढतो. यावर वाट आहे. २०१० साली नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात रुग्णांनी हीच गोळी रात्री झोपताना घेतली आणि टीएसएच सकाळच्या गोळीपेक्षा थोडं चांगलं उतरलं. संध्याकाळी सात-साडेसातला जेवण झालं की झोपेपर्यंत पोट बऱ्यापैकी रिकामं होतं. डॉक्टरांना विचारून गोळी उशाशी ठेवावी, तांब्याही तिथेच असतो. वेळ बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासावं, आणि भाकरी दीडवर आणायची असेल तर ती त्या तपासणीनंतर, म्हणजे कशाने काय बदललं ते रिपोर्टमध्ये वेगळं दिसेल.