इंजिनचं काम झाल्यावर सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय? घाबरण्याआधी आणि घाट उतरण्याआधी हे तपासा

इंजिनचं काम झालं, बिल भरलं, गाडी घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवली आणि सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा लोट! अशा वेळी मनात दोनच विचार येतात. एक तर 'मेकॅनिकने काम बिघडवलं', नाहीतर 'जाईल आपोआप'.

दोन्ही अंदाज महागात पडू शकतात. पहिल्यामुळे चांगलं इंजिन विनाकारण पुन्हा खोललं जातं. दुसऱ्यामुळे गाडी तापून घाटात बंद पडते आणि गॅस्केटचं काम थेट इंजिन बदलण्यापर्यंत जातं.

मावळात, त्यातही लोणावळा-खंडाळ्यात, हा गोंधळ जरा जास्तच होतो. कारण इथली हवा.

आधी हे समजून घ्या: प्रत्येक इंजिन पाणी बनवतं

पेट्रोलमध्ये कार्बन आणि हायड्रोजन असतो. जळताना हायड्रोजनचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो आणि पाणी तयार होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. सीएनजीमध्ये हायड्रोजनचं प्रमाण आणखी जास्त, म्हणून एक किलो सीएनजी जळला की दोन किलोंहून जास्त पाणी बनतं. सीएनजी गाडी सकाळी जास्त पांढरा धूर सोडते ती यामुळेच.

सायलेन्सर थंड असेल तर ही वाफ आतच थंड होऊन पांढरी दिसते, थेंबही टपकतात. सायलेन्सर तापला की ती दिसेनाशी होते.

आता लोणावळ्याचं बघा. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ६२० मीटर आणि वर्षाचा पाऊस चार हजार मिलिमीटरहून जास्त, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. धुक्यात बुडालेल्या हवेत आधीच बाष्प भरलेलं असतं, त्यामुळे सायलेन्सरमधली वाफ पटकन विरत नाही. 'वाफ लगेच विरते, धूर रेंगाळतो' हा नियम मे महिन्यात पुण्यात उपयोगी पडतो. जुलैत खंडाळ्यात साधी वाफही गाडीमागे बराच वेळ तरंगताना दिसते.

सोपी चाचणी अशी: रात्रभर बाहेर उभी असलेली शेजाऱ्याची गाडी त्याच वेळी सुरू करून बघा. दोन्ही गाड्या सारखाच पांढरा धूर सोडत असतील आणि इंजिन तापल्यावर तो कमी होत असेल, तर दोष बहुधा हवेचा आहे.

कामानंतर थोडा धूर येणं साहजिक

हेड उतरवताना कूलंटचे पाट सिलिंडरमध्ये आणि सायलेन्सरच्या पाइपमध्ये जातात. सुटे भाग जोडताना ऑइल आणि ग्रीस लागतं, नट सैल करायला स्प्रे मारलेला असतो, इंजिन धुतलेलंही असतं. हे सगळं तापल्यावर जळतं आणि धूर होतो. काही वेळा तो सायलेन्सरमधून नाही, तर बॉनेटखालून येत असतो. आधी तेवढं नीट बघून घ्या.

मूळ बिघाड हेड गॅस्केटचाच असेल, तर दुरुस्तीच्या आधी गळलेलं कूलंट सायलेन्सरच्या पोटात साठून राहिलेलं असतं. ते बाजारपेठेतल्या दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांनी निघत नाही. त्यासाठी इंजिन पूर्ण तापेल अशी एक सलग फेरी मारावी लागते. ती खोपोलीकडे घाटात मारू नका. कार्ला, कामशेत, वडगावच्या बाजूला जुन्या हायवेने जा. रस्ता बराचसा सपाट आहे आणि काही झालंच तर बाजूला थांबता येतं. नजर मात्र टेम्परेचरच्या काट्यावर ठेवा. अशा फेरीनंतर धूर स्पष्टपणे कमी व्हायला हवा.

खरी भीती कशाची?

इंजिनचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामध्ये हेड गॅस्केट असतं. जळणारा वायू, ऑइल आणि कूलंट एकमेकांत मिसळू न देणं हे त्याचं काम. आजकालची बहुतेक हेड ॲल्युमिनियमची असतात आणि इंजिन जास्त तापलं की ती वाकतात. वाकलेलं हेड फेसिंग न करता तसंच बसवलं, बोल्ट ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या टॉर्कने आवळले नाहीत, किंवा ताणले जाणारे बोल्ट जुनेच वापरले, तर नवं गॅस्केटही गळतं. हेडला बारीक तडा असेल तरी तेच. मग कूलंट सिलिंडरमध्ये उतरतं आणि त्याची दाट पांढरी वाफ बाहेर पडते.

कूलंट जळलं की गोडसर वास येतो, असं सगळेच सांगतात. ते खरं आहे, पण एक मेख आहे. गळती तपासायला काही गॅरेजमध्ये कामानंतर आधी साधं पाणी भरतात. मग गोड वास येणारच नाही. म्हणून गाडीत नेमकं काय भरलंय, हे आधी विचारा.

तीन सकाळींची नोंद

धुराच्या रंगापेक्षा कूलंटची पातळी जास्त खरं सांगते. सलग तीन दिवस, इंजिन पूर्ण थंड असताना, एवढं करा:

१. कूलंटच्या टाकीवर पातळीची खूण करा आणि फोटो काढा. पहिल्या दिवशी पातळी थोडी उतरली तर लगेच घाबरू नका. कामानंतर आत अडकलेली हवा निघते, तेव्हा पातळी खाली येते. गाडीखाली एक थेंब नाही, तरी ती रोज उतरत असेल, तर कूलंट आत कुठेतरी जातंय.

२. चालू करताना आवाज ऐका. इंजिन बंद केल्यावरही कूलंटमध्ये काही वेळ दाब राहतो आणि बारीक फटीतून ते रात्रीत सिलिंडरमध्ये झिरपतं. सकाळी पहिले काही सेकंद इंजिन मिसिंग करत थरथरत असेल आणि सोबत दाट पांढरा धूर येत असेल, तर ही खूण गंभीर आहे. स्टार्टर अडल्यासारखा वाटला तर जोर लावू नका. सिलिंडरमध्ये पाणी भरलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

३. डिपस्टिक काढून बघा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर गाडी अजिबात चालवू नका. फक्त ऑइलच्या झाकणाखाली पिवळसर साय दिसत असेल आणि डिपस्टिक स्वच्छ असेल, तर दमट हवा आणि छोट्या फेऱ्या यांचाही तो परिणाम असू शकतो.

४. टाकीत बुडबुडे येतात का बघा. हवा पूर्ण काढल्यानंतरही ते सतत येत राहिले, तर सिलिंडरचा वायू कूलंटमध्ये शिरत असल्याची शक्यता मोठी.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका: गरम इंजिनचं रेडिएटरचं झाकण उघडू नका. लोणावळ्याच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी साधारण ९८ अंशांवर उकळतं. रेडिएटरमध्ये दाबामुळे ते शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो आणि उकळता फवारा अंगावर येतो. शिवाय कूलंटमधलं ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड लागतं. सांडलेलं कूलंट मुलं, कुत्री, मांजरं यांच्या तोंडी लागू देऊ नका.

डिझेल गाडी असेल तर

डिझेल गाडीचा पांढरा धूर बऱ्याचदा पाण्याचा नसून न जळलेल्या डिझेलचा असतो. त्याला उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात. पाइपमध्ये राहिलेली हवा, खराब ग्लो प्लग, गळका इंजेक्टर, कमी कॉम्प्रेशन किंवा चुकलेलं टायमिंग ही त्याची नेहमीची कारणं. यात कूलंटची पातळी उतरत नाही. धुराला निळसर छटा असेल, तर मात्र ऑइल जळतंय.

पुन्हा इंजिन खोलण्याआधी

नोंदीत शंका खरी वाटली तरी थेट हेड उतरवायला सांगू नका. आधी कूलंटची प्रेशर टेस्ट करून घ्या, मग कॉम्प्रेशन टेस्ट. कूलंटवरच्या हवेत सिलिंडरचा वायू आहे का, हे रंग बदलणाऱ्या निळ्या द्रवाने तपासता येतं. कार्बन डायऑक्साइड सापडला की पेट्रोल गाडीत तो द्रव पिवळा पडतो. हेडचं फेसिंग झालं का, बोल्ट नवे घातले का, हवा काढली का, हेही विचारा आणि उत्तरं बिलावर लिहून घ्या.

हे सगळं स्पष्ट होईपर्यंत घाट टाळा. खोपोली ते लोणावळा चढाला गाडी साडेपाचशे मीटरच्या आसपास वर येते आणि शनिवार-रविवारच्या कोंडीत समोरून वारा मिळत नाही. किंचित गळणारं गॅस्केट इथेच पूर्ण जातं. काटा वर सरकू लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण सोडा आणि पहिल्या सुरक्षित जागी थांबा. इंजिन तापलेलं असताना हीटरमधून गार हवा आली, तर आत कूलंट उरलेलं नाही असं समजा आणि इंजिन लगेच बंद करा.

धुराचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला तर दहा जण दहा निदानं सांगतील, कारण व्हिडिओत वास येत नाही आणि टाकीतली पातळीही दिसत नाही. त्यापेक्षा तीन सकाळींचे टाकीचे फोटो मेकॅनिकसमोर ठेवा. मग वाद धुरावर होणार नाही, पाणी गेलं कुठे यावर होईल.